दोन पट्ट्यांचे वाय-फाय आणि ओसरीवरचा दिवा

पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्यात दोन पट्ट्यांचा नवा राउटर बसतो आणि ओसरीवरचा स्मार्ट दिवा त्या जाळ्यात दाखल व्हायला साफ नकार देतो, तेव्हा दोष बहुधा दिव्याचा नसतो. त्याला केवळ २.४ गिगाहर्ट्‌झची लहर उमगते, आणि दोन्ही पट्ट्यांना एकच नाव मुक्रर केल्यामुळे ५ गिगाहर्ट्‌झवरील मोबाइलशी त्याची गाठ पुष्कळदा पडत नाही. दिव्यात एकच पट्टा देण्याची उत्पादकांची ही काटकसर मला तरी गैर वाटत नाही, कारण २००५ साली आपल्याकडे परवानामुक्त झालेली २.४ ची ही संथ लहरच जाड भिंती अधिक समर्थपणे भेदते. तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये तिला स्वतंत्र नाव द्यावे, अथवा दिवा जोडेपर्यंत ५ चा पट्टा बंद ठेवण्याची तजवीज करावी. वाय-फायची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए-३ या नव्या प्रकारची असल्यास, ती न ओळखणाऱ्या दिव्यासाठी जुन्या डब्ल्यूपीए-२ लाही मुभा द्यावी. दिवा एकदा जोडला, की मोबाइल खुशाल ५ वर न्यावा.