जुन्या फिल्टरची परीक्षा

डोंगरात पायी हिंडणाऱ्या माणसाच्या पाठीवर जे ओझे असते, त्यात पाण्याचे ओझे सर्वांत अवजड. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दिवसाला चार लिटर धरले आणि वाट तीन दिवसांची असली, तर बारा किलो नुसत्या पाण्याचेच होतात. तेव्हा वाटेत लागेल ते ओढ्याचे, झऱ्याचे पाणी जागच्या जागी गाळून प्यावे, ही सोय युरोप-अमेरिकेतील गिरिभ्रमण करणाऱ्यांनी जवळ केली आणि हातपंपाचा प्रवासी फिल्टर त्यांच्या पाठपिशवीत येऊन बसला.

स्वित्झर्लंडमधील काटाडिन कंपनीचा 'पॉकेट' हा या जातीचा नामांकित नमुना. एक नळकांडे, त्याच्या पोटात भाजलेल्या मातीची पोकळ कँडल, वर हाताने ओढावयाचा दट्ट्या, ओढ्यात सोडावयाची जाळीदार नळी आणि स्वच्छ पाणी देणारी तोटी, एवढाच त्याचा संसार. वजन सुमारे ५५० ग्रॅम. पाणी बरे असेल तर एकच कँडल ५०,००० लिटरपर्यंत काम देते, असे निर्मात्यांचे सांगणे. एवढे दीर्घायुषी यंत्र मालकाच्या हौसेपेक्षा अधिक टिकते, हे ओघानेच आले. मग कधी तरी माळ्यावरच्या ट्रंकेतून ते बाहेर निघते. धूळ पुसली जाते, दट्ट्या चार वेळा वरखाली होतो, तोटीतून नितळ धार पडते आणि घरातले कोणी तरी म्हणते, "अरे, हा तर अजून चालतो!"

फसगत होते ती येथेच. चालतो तो पंप. फिल्टर गाळतो की नाही, हे त्या धारेवरून मुळीच कळत नाही. उलट, वीस वर्षे पडून असलेल्या फिल्टरमधून पाणी सहज आणि भरभर येऊ लागले, तर आनंद मानण्याऐवजी संशय धरावा. चांगली कँडल कष्टाने पाणी देते. तिची छिद्रे सुमारे ०.२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. पटकीचा जंतू याहून जाड असतो. जुलाबाला कारण होणाऱ्या जिआर्डियासारख्या परजीवींचे कोश तर कित्येक पटींनी मोठे असतात. ते बाहेरच्या अंगावर अडकतात, थर साचतो आणि दट्ट्या जड होतो. दट्ट्याचे हे जड होणे म्हणजे कँडल आपले काम करीत असल्याची खूण. याउलट केसासारखा एक तडा गेला, की पाणी त्या वाटेने धावते. ते दिसायला नितळच असते, कारण गाळ बराचसा अडतो; पण जंतूंना तडा हा राजरस्ता होतो.

या कँडलचे कूळ शंभर-सव्वाशे वर्षांहून जुने आहे. पॅरिसमध्ये पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८८४ साली झिलई न दिलेल्या चिनी मातीची कँडल प्रचारात आणली. पुढे काही वर्षांतच जर्मनीत बर्केफेल्ड यांनी हानोफर भागात सापडणाऱ्या कीझेलगूर नावाच्या हलक्या मातीपासून तशीच कँडल तयार केली. कोट्यवधी सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची ही माती. त्याच सुमारास, १८९२ मध्ये, हांबुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांवर माणसे दगावली. हांबुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. शेजारचे आल्टोना तर त्याच नदीचे, हांबुर्गची घाण मिसळल्यानंतरचे पाणी घेई; परंतु ते वाळूच्या थरांतून गाळले जाई, आणि आल्टोना पुष्कळसे बचावले. ही कथा अनेकांना ठाऊक असते; तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. १८९३ च्या आरंभी, ऐन हिवाळ्यात, त्याच आल्टोनात पटकी शिरली. रॉबर्ट कॉख यांनी शोध घेतला तेव्हा असे आढळले, की वाळूचा एक गाळणथर साफ करीत असताना थंडीने गोठला होता आणि त्यानंतर त्यातून पाणी नीट गाळले जात नव्हते. म्हणजे गाळणी जागेवर होती, पाणी वाहत होते, आणि तरीही रोग आत आला.

जुना प्रवासी फिल्टर हाती घेताना हा उत्तरार्ध आठवावा. दट्ट्या न हलवता प्रथम सर्व भाग सोडवून मांडावेत. कँडल ओलीच बंद केलेली असेल तर कुबट वास येतो आणि तिच्यावर काळपट डाग दिसतात. ती वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरून ताठ केसांच्या ब्रशाने किंवा भांडी घासण्याच्या खरखरीत घासणीने, साबण न लावता, सगळीकडून सारखी घासावी. साबण छिद्रांत बसतो आणि पुढे पाण्याला चव देत राहतो. घासताना स्वच्छ पाण्याच्या छिद्रात मळके पाणी जाऊ देऊ नये. फिल्टर साफ करताना तो आतून बाटवणारे लोक थोडे नाहीत. मूळचा फिका रंग दिसू लागला की थांबावे. प्रत्येक घासणीत कँडलची कातडी थोडी जाते आणि ती बारीक होत जाते. म्हणूनच 'पॉकेट'बरोबर एक लहानसे माप येते. ते माप कँडलवर बसू लागले, की तिचे आयुष्य संपले. मालक हे माप हमखास हरवतो. माप नसेल तर नव्या कँडलची जाडी मिळवून तुलना करावी. डोळ्यांच्या अंदाजावर भिस्त ठेवू नये.

यानंतर तड्याची परीक्षा. कँडल सावलीत चांगली वाळू द्यावी. त्याला काही दिवसही लागतात. मग कुंभाराकडे मडके घेताना बायका जशी टिचकी मारून पाहतात, तशी नखाने हलकी टिचकी मारावी. खणखणीत नाद आला तर ठीक; बद्द आवाज आला तर तडा असण्याचा संभव मोठा. दुसरी परीक्षा पाण्याची. कँडल रात्रभर भिजवावी, पाण्यात बुडवून धरावी आणि तिच्या तोंडाला रबरी नळी लावून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा द्यावी. धड कँडलच्या बारीक छिद्रांतले पाणी एवढ्या दाबाला हटत नाही, तड्यातून मात्र बुडबुड्यांची माळ सुटते. एवढे लक्षात ठेवावे, की बुडबुडे आले तर दोष सिद्ध होतो. न आले तर निर्दोषपणा सिद्ध होत नाही. जंतूला पुरेसा पण हवेला अपुरा असा सूक्ष्म तडा असू शकतो. कँडल दगडावर पडल्याचे कोणाला आठवत असेल, तर सगळ्या परीक्षा बाजूला ठेवून ती बदलावी.

रबरी कड्यांबाबत एक भेद न कळल्याने पुष्कळ गोंधळ होतो. दट्ट्याची कडी झिजली तर पंप हवा खातो, हात दुखतो, पाणी बाहेर ठिबकते. हा त्रास आहे, धोका नव्हे. परंतु कँडल आणि तोटी यांच्या जोडावरची कडी सुकून चपटी झाली, तर मळके पाणी कँडलला वळसा घालून सरळ पेल्यात येते, आणि बाहेर एक थेंबही सांडत नाही. ही कडी जुन्या यंत्रात न तपासता बदलावीच. नवी कडी नेमक्या मापाची असावी आणि तिला सिलिकोन ग्रीसचे बोट लावावे. खोबरेल तेल खवट होते, आणि पेट्रोलियम जेली काही जातींच्या रबराला फुगवते.

एवढे करूनही कँडलची एक मर्यादा राहते. १८९२ मध्येच रशियन शास्त्रज्ञ इवानोव्स्की यांना आढळले, की तंबाखूच्या रोगट पानांचा रस शांबरलांच्या कँडलमधून गाळला तरी त्याची रोग देण्याची शक्ती टिकते. विषाणूंच्या ज्ञानाचा आरंभ असा कँडलच्या अपयशातून झाला. आपल्याकडचा दाखला दिल्लीचा आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात नाल्याची घाण शिरली आणि शहरात काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. पाण्यावर प्रक्रिया चालू होती. विषमज्वरासारखे जंतूंचे रोग वाढले नाहीत, कावीळ मात्र वाढली. ही कावीळ नेहमीच्या 'ए' प्रकारची नव्हती, हे १९८० साली जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले, आणि त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा वाटा होता. हिपॅटायटिस 'ई' हे नाव तिला पुढे मिळाले. तेव्हा वस्तीच्या खालच्या अंगाचे पाणी असेल तर ते गाळल्यावर उकळावे किंवा त्यात क्लोरिनची गोळी टाकावी. कँडलच्या मातीत चांदी असते ती कँडलमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून. जाता जाता पाणी शुद्ध करण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. विरघळलेले क्षार, फ्लोराईड, शेतातली औषधे यांना तर कँडल अडवीतच नाही.

वापरातली निगा फार नाही, पण ती नियमाने हवी. पावसाळ्यातले तांबडे पाणी सरळ पंपात घेऊ नये. ते भांड्यात निवू द्यावे, तुरटी फिरवावी किंवा निवळीची बी उगाळून टाकावी, आणि वरचे पाणी घडी घातलेल्या जुन्या सुती कापडातून गाळून मग फिल्टरला द्यावे. कँडल कमी वेळा घासावी लागते. आत जाणारी आणि बाहेर येणारी नळी एकाच पिशवीत कोंबू नये. हिमालयात रात्री ओला फिल्टर तंबूबाहेर राहिला तर आतले पाणी गोठते, फुगते आणि कँडल तडकते. जाणते प्रवासी त्याला पांघरुणात घेऊनच झोपतात. सफर संपल्यावर कँडल पूर्ण वाळल्याशिवाय यंत्र मिटू नये. पुन्हा काढल्यावर पहिले लिटर-दोन लिटर पाणी ओतून द्यावे.

पोकळ तंतूंचे हलके नवे फिल्टर या खटाटोपाच्या पलीकडचे आहेत. ते ओले असताना एकदा गोठले, की आत काय फाटले ते घरी तपासण्याचा खात्रीचा उपाय नाही. ते टाकूनच द्यावेत. मातीच्या कँडलचे तसे नाही. ती मापात उतरली आणि टिचकीला नाद देत असली, तर नव्या कड्यांसह पुन्हा डोंगरात जाऊ शकते. न उतरली तर त्याच मापाची दुसरी शोधावी, आणि जुनी ट्रंकेत परत न ठेवता हातोडीने फोडून टाकावी, म्हणजे आणखी वीस वर्षांनी कोणी ती धुऊन वापरणार नाही.