लिम्फोमा आणि रिश्त्याची बोलणी

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण ‘त्यांच्या घरात कॅन्सर आहे’ एवढ्यावरून मोडलेला रिश्ता मी जवळून पाहिलाय. मुलीच्या अब्बांना लिम्फोमा झाला होता. म्हणून हा विषय घेतला.

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. तो वारशाने येतो का? थोडासा. ‘थोडासा’ म्हणजे किती, ते बघू.

1995 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुळ्यांपैकी एकाला तरुणपणी हॉजकिन लिम्फोमा झालेला, दुसऱ्याचं काय झालं? हुबेहूब जुळ्यांच्या 179 जोड्यांपैकी 10 जोड्यांत दुसऱ्यालाही झाला. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 187 जोड्यांत एकालाही नाही. म्हणजे जनुकांचा हात आहेच. पण उरलेल्या 169 जोड्याही बघा ना! जनुकं तीच, तरी दुसरा अभ्यास संपेपर्यंत ठणठणीत.

नॉन-हॉजकिन प्रकारात आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला आजार असेल, तर धोका साधारण पावणेदोन पट होतो. ऐकून भीती वाटते. पण भारतात हा आजार वर्षाला लाखात दोन-तीन जणांना होतो. पावणेदोन पट केलं तरी लाखात पाच. गाठीतल्या पेशींत सापडणारे बहुतेक बदल तर जन्मानंतर त्याच पेशींत घडलेले असतात, ते मुलांकडे जात नाहीत.

खरी काळजी दुसरीकडे आहे, आणि ते ऐकायला आपल्याला आवडत नाही. काही दुर्मिळ जनुकदोष आईवडील दोघांकडून आले, तरच मुलाची प्रतिकारशक्ती बिघडते आणि लिम्फोमाचा धोका खूप वाढतो. आयटीके या जनुकाचा दोष 2009 मध्ये तुर्की घराण्यातल्या दोन बहिणींत सापडला. आईवडील नात्यातलेच. चुलत-मामे भावंडांची जनुकं आठव्या हिश्शाने सारखी असतात. दोघांत तोच दोष असला, तर प्रत्येक मुलामागे धोका 25 टक्के. (मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात हिंदूंमध्येही होतं, हा काही आपलाच प्रश्न नाही.)

तेव्हा नात्यात रिश्ता ठरत असेल आणि खानदानात वारंवार इन्फेक्शन होऊन लहान मूल गेलं असेल, तर निकाहआधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा. दादी-नानीला विचारून घ्या, कोण कशाने गेलं ते त्यांना ठाऊक असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.