हृदयरोगी बाईचं जगणं कसं मोजायचं?

(घोडबंदर येथे महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



हृदयविकार म्हटलं की आपल्याला पन्नाशीचा, छातीवर हात धरून बसलेला पुरुष आठवतो. वस्त्यांमध्ये काम करताना मला मात्र तीस-पस्तिशीच्या बायाच जास्त भेटतात. लहानपणी घसा सुजला, ताप आला, सांधे धरले. वाढीचं दुखणं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. त्या दुखण्याने हृदयाच्या झडपा खराब केल्या. हा रुमॅटिक हृदयरोग. दाटीवाटीच्या घरांचा हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. कितीतरी जणींना तो कळतो बाळंतपणात, दम लागायला लागतो तेव्हा.

करोनाच्या साथीत या बाया कशा जगल्या, यावर मला बोलायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण त्या दिवसांत जे उघडं पडलं, ते संपलेलं नाही.

धातूची झडप बसवलेल्या बाईला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून आयएनआर नावाची रक्ततपासणी नियमित करून डोस ठरवतात. पालेभाजीतल्या 'के' जीवनसत्त्वाने या गोळीचा असर कमी होतो. आता बघा, लॉकडाऊनमध्ये मजुरी गेली, ताटातली पालेभाजी गेली, डाळभात उरला. जेवण बदललं, डोस तोच राहिला आणि तपासणी थांबली. धोका किती वाढला, हे त्या बाईला सांगणारंही कोणी नव्हतं. या गोळीने पाळीत अंगावरून जास्त जातं. आणि सॅनिटरी पॅड जीवनावश्यक वस्तूंत मोडतात, हा खुलासा केंद्राच्या गृहखात्याला २९ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागल्यावर, करावा लागला!

तपासणीला जायचं तर कसं? इथून बसने मीरा रोड किंवा भाईंदर स्टेशन, तिथून लोकलने दादर-परळ. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली. सगळ्या बायकांना प्रवासाची मुभा मिळाली २१ ऑक्टोबरला, तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. मोठ्या सरकारी दवाखान्यांत केसपेपर सकाळी निघतो. ११ ला गाडीत बसणारी बाई तिथे पोचणार कधी?

फोनवरून सल्ला घेण्याचे नियम २५ मार्च २०२० लाच आले. चांगलं झालं. पण घरात स्मार्टफोन एक, आणि तो नवऱ्याच्या खिशात नाहीतर मुलाच्या शाळेसाठी. नवऱ्यासमोर, सासूसमोर पाळीबद्दल डॉक्टरांशी काय बोलणार?

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने देशातल्या १८७ रुग्णालयांची पाहणी केली. १५ मार्च ते १५ जून २०२० या काळात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्यांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त घटली होती. झटके येणं एकाएकी थांबलं असेल, असं कोण म्हणेल? बरेच जण दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत.

आजाऱ्याच्या जगण्याचा दर्जा मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यात एक प्रश्न असा, की रोजची कामं करण्याच्या आपल्या क्षमतेबद्दल आपण किती समाधानी आहात? एकीला मी हे विचारलं. ती म्हणाली, "सगळं करते की. पाणी, भांडी, तीन वेळचा स्वयंपाक." कागदावर तिला चांगले गुण मिळाले. पण प्रत्येक हंड्यानंतर ती भिंतीला टेकून बसते, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. लॉकडाऊनमध्ये सगळे घरात, म्हणजे तिचं काम दुप्पट. तीच बाई जेव्हा "आता होत नाही" म्हणते, तेव्हा तिचे गुण कमी होतात आणि घरातली किंमतही. पुरुषाला झटका आला की घर त्याला विश्रांती देतं. बाई बरी झाली, हे मात्र तिने झाडू हातात घेतल्यावर ठरतं!

म्हणून आपण वेगळे प्रश्न विचारू या. दिवसात किती वेळ पाठ टेकलीस? गोळीचे पैसे कोणाकडे मागावे लागतात? तपासणीला सोबत कोण येतं? दम लागतो हे घरात कोणाला सांगितलंस?

आणि मागण्याही स्पष्ट करू या. आयएनआर तपासणी आणि दर तीन आठवड्यांनी लागणारं पेनिसिलिनचं इंजेक्शन महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात मिळालं पाहिजे. पुन्हा कधी गाड्या बंद झाल्या, तर दीर्घ आजाराच्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून प्रवासाची परवानगी हवी. आरोग्य सेविकेने चौकशी करावी ती बाईकडे, तिच्या नवऱ्याकडे नव्हे.

सरकारकडे मागायचं ते मागूच. पण हंडा दुसऱ्या कोणी उचलायचा, हे मागायला मोर्चा लागत नाही. ते आज घरी जाऊन बोलायचं आहे.