गीझर केव्हा बदलावा?

(छत्रपती संभाजीनगर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि वसतिगृह अधीक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लहानपणी तांब्याचा बंब होता. पहाटे त्यात तुराट्या-पऱ्हाट्या घालून पाणी तापवीत. बंब गळू लागला की डाख लावून घ्यावयाचा आणि पुन्हा वर्षानुवर्षे वापरावयाचा, अशी रीत होती. काटकसरीची तीच सवय आपण विजेच्या गीझरलाही लावतो आणि तेथेच फसतो. बंबात वाफ कोंडून राहत नसे. गीझरची टाकी मात्र चोहोबाजूंनी बंद असते. तिच्यात पाण्याचा दाब असतो आणि त्याच पाण्यात विजेची कॉइल बुडालेली असते. गळक्या बंबाला डाख चालत असे. गळक्या टाकीला तो चालत नाही.

आपल्या भागात या प्रश्नाचा पाण्याशी निकटचा संबंध आहे. या शहराला पैठणच्या नाथसागराचे पाणी मिळते. परंतु नळाला रोज पाणी न येण्याचा अनुभव येथील अनेक वसाहतींनी वर्षानुवर्षे घेतला आहे. मग विंधन विहीर किंवा टँकर यांचा आधार घ्यावा लागतो. खडकाच्या भेगांतून येणारे हे पाणी बहुधा जड, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत दुष्फेन असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. असे पाणी तापले की त्यातील क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने कॉइलवर बसतात. कॉइलची उष्णता पाण्यात सहज उतरत नाही, ती स्वतःच अधिक तापते आणि अखेर जळते. तळाशी गाळ साचला की टाकीत पाणीही कमी मावते. म्हणून गीझरच्या आयुष्याचा एकच आकडा सर्वांना सांगता येत नाही. जड पाण्यावरचा गीझर लवकर थकतो, एवढे निश्चित.

मग तो थकला हे ओळखावे कसे? १५ लिटरचा, २,००० वॅटचा गीझर २५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास साधारणतः २० मिनिटे घेतो. नवा असताना हा वेळ घड्याळ लावून टिपून ठेवावा. पुढे वेळ वाढला तर मात्र लगेच गीझरला दोष देऊ नये. विजेचा दाब २३० ऐवजी १८० व्होल्ट असेल, तर गीझरची शक्ती सुमारे ६१ टक्केच उरते आणि त्याच कामाला अर्धा तास लागतो. आधी दाब तपासावा, मग गीझर.

कॉइल, थर्मोस्टॅट, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकीतील मॅग्नेशियमची कांडी हे भाग बदलता येतात. ही कांडी स्वतः झिजून टाकीचे पोलाद गंजण्यापासून वाचविते. जड पाण्याच्या भागात ती दरवर्षी पाहून घ्यावी. पाणी तापताना व्हॉल्व्हमधून चार थेंब पडणे स्वाभाविक आहे. ते थांबविण्यासाठी तेथे बूच मारणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण देणे होय.

परंतु सांधे व व्हॉल्व्ह ठीक असूनही टाकीच्या अंगातूनच पाणी झिरपत असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. गार पाणी स्वच्छ आणि गरम पाणी तेवढे तांबूस येत असेल, तर टाकी आतून गंजू लागली, असे समजण्यास जागा आहे. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी वीज बंद करून जाणकार वायरमनला बोलवावे. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर प्रवाह तोडणारे उपकरण या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. ज्यांच्याकडे गॅसचा गीझर आहे त्यांनी तो बंद न्हाणीघरात कधीही ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. पिवळी ज्योत, काजळी, स्नानानंतर डोके दुखणे ही धोक्याची चिन्हे होत.

आता आपल्या कार्यालयीन कामकाजाविषयी. घरचा गीझर गळू लागला तर आपण त्याच दिवशी हालचाल करतो. वसतिगृहातील किंवा आरोग्य केंद्रातील गीझर मात्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेला असतो. निर्लेखनाचा प्रस्ताव, त्रुटी, पुन्हा प्रस्ताव, असे कागद फिरत राहतात आणि तोवर मुले त्याच गीझरखाली स्नान करीत असतात. निर्लेखनाचे नियम शासनाच्या पैशाच्या रक्षणासाठी आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण वस्तू रजिस्टरमध्ये राहिली, म्हणून ती भिंतीवर चालू राहिली पाहिजे असे कोणताही नियम सांगत नाही. जोडणी त्याच दिवशी तोडावी, तशी लेखी नोंद करावी आणि मग प्रस्ताव पाठवावा.

नवा गीझर घेताना आयएसआय चिन्ह आणि ऊर्जा बचतीचे तारे पाहावेत, जड पाण्यास योग्य टाकी मागावी आणि बसविल्याची तारीख रंगाने त्यावरच लिहावी. पुढे येणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचे वय विचारत बसावे लागणार नाही.

काटकसर हा सद्गुण खराच. परंतु तिची किंमत एखाद्या लेकराच्या जिवाने चुकवावी लागू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.