जबड्याचं दुखणं अंगावर काढू नका

आम्ही हमरापूरच्या कारखान्यांत गणपती रंगवणाऱ्या बाया. सण जवळ आला की रात्री जागून काम चालतं. डोळ्यांची आखणी करताना हात हलू नये म्हणून आम्ही श्वास रोखतो, आणि नकळत दातही आवळतो. मग सकाळी भाकरी चावताना कानापुढे कळ येते. आम्हाला वाटायचं, कान दुखतोय नाहीतर दाढ किडली. पण दुखतो तो जबड्याचा सांधा.

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा. हलतो तोच तो सांधा. एरवी ओठ मिटलेले असावेत, पण दात सुटे. आता काम करताना आम्ही एकमेकींना विचारतो, "दात सुटे आहेत ना गं?"

दुखत असेल तर काही दिवस मऊ भात, पेज खा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने 10 मिनिटं शेका. जांभई देताना हनुवटीखाली हात धरा.

जबडा अडकत असेल किंवा तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. सुपारी, गुटखा खाणारीने तर अजिबात थांबू नये. आणि छातीत दुखून कळ जबड्यात आली, तर शेकत बसू नका, तडक दवाखाना गाठा.