मातीतला जीव
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळानं बोलायला सांगितलं, तेव्हा विषय आम्हीच निवडला. ऐकून काहीजण हसले. गिरणीतल्या माणसाला मातीचं काय कळतं? खरं आहे. सूतगिरणीत सव्वीस वर्षं आम्ही कापूस हाताळला, पण तो ज्या मातीतून येतो ती कधी चिमटीत धरून पाहिली नाही. गिरणी बंद पडली, वडिलांच्या दोन एकर कोरडवाहूवर आलो आणि पऱ्हाट्या उपटून पेटवून दिल्या. अशी चार वर्षं गेली. मग माती तपासून घेतली. कागदावर सेंद्रिय कर्ब ०.३२ टक्के, पुढं शेरा ‘कमी’.

हा कर्ब म्हणजे मातीतल्या जिवांची भाकर. एक ग्रॅम चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. शिवाय बुरशी, सूत्रकृमी, गांडुळं. ते काडीकचरा कुजवतात, तेव्हा त्यातलं अन्न मुळांना लागतं. आम्ही त्यांची भाकरच जाळत होतो! वरून खताची गोणी टाकायची, तर आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद अडकून बसतं. ते मोकळं करणारेसुद्धा जिवाणूच.

पुरावा पाहायचाय? सोयाबीन महिना-सव्वा महिन्याचं झालं की एक रोप अलगद खणून काढा. उपटू नका, गाठी तुटतात. मुळावरची गाठ नखानं फोडा. आत लालसर गुलाबी निघाली तर रायझोबियम जिवाणू कामावर आहेत, हवेतला नत्र पिकाला देतायत. आमच्या रानात त्या साली गाठीच मोजक्या निघाल्या.

मृगाच्या पहिल्या पावसात जो वास सुटतो, तोही बराचसा मातीतल्या जिवाणूंचाच. त्यांच्याच जातकुळीतल्या एकापासून १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन निघालं, क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध. गिरणीकामगाराच्या घरात क्षय म्हणजे काय, हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. तळघरातल्या प्रयोगशाळेत राबून ते शोधणारा अल्बर्ट शॅट्झ हा विद्यार्थी होता. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या त्याच्या प्राध्यापकाला, वॅक्समन यांना मिळालं. राबणारा मागं राहतो, ही रीत तिकडंही आहे.

असो. पऱ्हाटीचा ढीग बांधावर तसाच ठेवायचा नाही, त्यात गुलाबी बोंडअळी राहते. बारीक करून शेणकाल्यात कुजवायची. यंत्राचं भाडं एकट्याला झेपत नाही, म्हणून गेल्या साली आम्ही चार घरांनी मिळून आणलं. आमच्या थोरल्याला हे अजून पटलेलं नाही. काडीपेटी स्वस्तात पडते, म्हणतो. त्याचं गणितही खोटं नाही, मजुरी त्यालाच चुकवावी लागते.

परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला सुरू झालं. त्या तारखेला तिथं खरीप मेळावा भरतो. जिवाणू खतं विद्यापीठात मिळतात. दहा किलो बियाण्याला पाव किलो चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी.

ज्यांच्याकडं गुंठाभर का होईना रान आहे, त्यांनी पेरणीआधी वीतभर खोल खड्डा करून कडेची माती घ्यावी. अशी आठ-दहा ठिकाणची एकत्र करून त्यातली अर्धा किलो, नाव-गट नंबर लिहून, रविवारी विहारात आणून द्यावी. तपासायला आम्ही नेऊ. बांधावरची, उकिरड्याजवळची आणू नका.