मधुचंद्रासाठी किनारा कोणता?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा त्या क्षणभर माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. चौऱ्याहत्तरी गाठलेल्या बाईने मधुचंद्रावर काय बोलायचे! आहार, आरोग्य, मुलांचे संगोपन हे आपले नेहमीचे विषय. पण मागच्या महिन्यात आमच्या घरात याच एका प्रश्नावरून चार रात्री चर्चा झाली, आणि त्या चर्चेतून मला माझीच एक जुनी गोष्ट नव्याने समजली. ती तुमच्यापुढे ठेवावी एवढाच हेतू आहे.

माझ्या नातवाचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. तो पुण्याला नोकरीला असतो. होणारी नातसून सांगोल्याकडची. दिवाळीच्या आधी दोघे चार दिवस कुडाळात आली होती. पहिल्याच रात्री जेवणे आटोपल्यावर नातवाने मोबाईल पुढे धरला आणि म्हणाला, “आजी, बघ, आम्ही मालदीवला जाणार.” निळे पाणी, पाण्यावर उभारलेल्या झोपड्या, खरोखरच स्वर्ग. मी विचारले, “आणि खर्च?” तो म्हणाला, “हप्त्यांनी भरता येतो.” मी मनात म्हटले, ऋण काढून सण करू नये असे आपण आजवर ऐकले, आता ऋण काढून मधुचंद्र आला!

दुसऱ्या दिवशी मालवणहून माझ्या नणंदेचा फोन. तिच्या कानावर बातमी गेलीच होती. ती म्हणते, “माझ्या दारात दर्या आसताना दुसऱ्याच्या दर्यार कित्याक जातत? हयच येवंदेत. जेवाण मी धाडतंय.” तिसऱ्या दिवशी आमच्या सूनबाईंनी अंदमान सुचवले, कारण त्यांच्या मैत्रिणीची मुलगी तिथे जाऊन आली. चौथ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, गोवा जवळ आहे, गोव्यालाच जा. असे घरात जितकी तोंडे तितके किनारे झाले. नातसून मात्र चहाचे कप गोळा करीत होती.

भगिनींनो, तिच्याकडे पाहिले आणि मला १९७१ साल आठवले.

माझे माहेर घाटावर, आजऱ्याकडे. लग्न होऊन मी कुडाळात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ‘मधुचंद्र’ हा शब्द तोपर्यंत गावोगाव पोचला होता. १९६७ साली राजदत्त यांचा त्याच नावाचा चित्रपटही येऊन गेला होता. आमच्या घरचे तसे पुढारलेले. त्यांनी आम्हां दोघांना लग्नानंतर मुंबईला धाडले. एस.टी.च्या गाडीतून रात्रभर हाडे खिळखिळी करून घेत आम्ही गिरगावात मोठ्या दिरांच्या चाळीत उतरलो. खोल्या दोन आणि माणसे सात. आम्ही गेल्यावर नऊ झालो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, “जा, दोघे चौपाटीवर फिरून या,” आणि सोबतीला आपली दोन मुले दिली! चौपाटीच्या गर्दीत मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. माझ्या एका हाताला एक पुतण्या, ह्यांच्या हाताला दुसरा. मुलांना भेळ हवी होती. आम्ही एकमेकांशी चार शब्दही बोललो नाही.

कोणाचा दोष काढण्यासाठी मी हे सांगत नाही. जाऊबाईंनी पदरमोड करून आमचे केले. पण पुढचे ऐका. कुडाळहून समुद्र तासाभराच्या वाटेवर. तरी घरातली कामे, दोन मुले, सासूबाईंचे आजारपण यांतून आम्हां दोघांना एकत्र समुद्र दिसला तो १९८२ साली. शिरोड्याला ह्यांच्या मित्राकडे मुंज होती. मुले घरी सासूबाईंपाशी होती. जेवणानंतर आम्ही वेळागरच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूची दाट झाडी, पुढे लांबच लांब वाळू, माणूस असे नाही. ह्यांनी मला शिरोड्याची मिठागरे, १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह, इथल्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर, असे सगळे सांगितले. मग बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “लग्नानंतर तुला खरे म्हणजे कुठे जायचे होते गं?”

अकरा वर्षांनी विचारलेला तो प्रश्न! आणि मला उत्तर देता आले नाही. कारण कोणी विचारीलच असे मला कधी वाटलेच नव्हते, म्हणून मी त्याचा विचारच केला नव्हता. आता हे नाहीत. पण त्यांचे ते विचारणे मला चौपाटीपेक्षा आणि मुंबईपेक्षा मोठे वाटते.

असो. चौथ्या रात्री मी सगळ्यांना उठवून लावले आणि त्या दोघांना ओसरीवर बसवले. म्हटले, “ठिकाणाचे नाव आधी कोणी घ्यायचे नाही. मी विचारते, तुम्ही सांगा.” ते प्रश्न मी आज तुम्हांलाही सांगते. घरात लग्न असेल त्यांना उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न महिन्याचा. आपल्याकडे मुहूर्तच अर्धा किनारा ठरवून टाकतो. तुळशीचे लग्न झाल्यावर मुहूर्त सुरू होतात, आणि तेव्हापासून माघ-फाल्गुनापर्यंत आपला कोकणचा समुद्र शहाण्यासारखा वागतो. हवा कोरडी, पाणी नितळ. वैशाखातली लग्ने झाली की उकाडा असतो आणि ज्येष्ठाच्या तोंडावर दर्या खवळू लागतो. जून आणि जुलै हे दोन महिने मच्छीमारांनाही बंदी असते, तिथे पाहुण्यांनी पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नाही. मात्र सगळीकडे ऋतू एक नसतो. मार्गशीर्षात आपल्याकडे ऊन असते, तेव्हा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो. उलट आपल्या पावसाळ्यात मालदीवलाही पाऊसवारा असतो. तेव्हा स्वस्त दर दिसला की आधी दिनदर्शिका बघावी.

दुसरा प्रश्न पाण्याचा. नातसुनेला विचारले, “तुला पोहता येते का?” ती म्हणाली, “नाही आजी. धरणावर एकदा होडीत बसले होते, तेव्हा फार भ्याले आणि ओकले.” नातवाने मान वर केली. हे त्याला ठाऊकच नव्हते! मालदीवची बहुतेक मोठी विश्रामगृहे म्हणजे एका बेटावर एक. विमानतळावरून पुढे बोटीने, नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जायचे. अंदमानातले राधानगरचे प्रसिद्ध किनारे पाहायचे तर श्रीविजयपुरमहून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरहून, जहाजाने स्वराजद्वीपला जावे लागते. जिला होडी सोसत नाही तिला सात दिवस होडीतून फिरवण्यात कसला आनंद?

आणि बायांनो, किनारा दिसायला शांत असला म्हणजे तो सुरक्षित असतो असे नाही. लाटा फुटून वर आलेले पाणी कुठूनतरी परत जायला वाट शोधते, आणि ती वाट पुष्कळदा नेमकी शांत दिसते. दोन्हीकडे लाटा फुटतात आणि मध्ये पाणी स्वस्थ असते, तिथेच ओढ असते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झटू नये, किनाऱ्याला समांतर आडवे जावे, म्हणजे ओढ सुटते. नदीच्या मुखाशी तर जपूनच असावे. आपली भंगसाळ पुढे कर्ली होऊन देवबागला समुद्राला मिळते. तो संगम डोळे भरून पाहावा, पण तिथे उतरू नये. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते, हे कोळणीला सांगावे लागत नाही, पण पुण्याच्या पाहुण्याला सांगावे लागते. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या महाविद्यालयातील आठ जण बुडाले. ती आठवण आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. म्हणून किनारा निवडताना तिथे जीवरक्षक आहे का, हे खोलीच्या भाड्याआधी विचारावे.

तिसरा प्रश्न खिशाचा. मी नातवाला म्हटले, जे पैसे हातात आहेत तेवढ्यातच बसव. परत आल्यावर दर महिन्याला हप्ता भरताना त्या निळ्या पाण्याची आठवण गोड राहत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात काय नाही? तारकर्लीची स्वच्छ वाळू, पलीकडे भोगवे, निवती, वेंगुर्ल्याचा सागरेश्वर, देवगडकडे समुद्राच्या काठचे कुणकेश्वराचे देऊळ. मालवणसमोर १६६४ साली बांधायला घेतलेला महाराजांचा सिंधुदुर्ग, आणि त्याच्या आसपासचे पाणी तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्यातली पोवळी आणि मासे बघायला लोक लांबून येतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या आपल्या भगिनी २०१७ पासून स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. त्यांच्या होडीत बसलेला रुपया आपल्याच चुलीपाशी येतो. हे सांगताना, खरे सांगते, मला नातवाने मालवण म्हणावे असेच वाटत होते.

चौथा प्रश्न एकांताचा. येथे माझी फजिती झाली. नातसून हळूच म्हणाली, “आजी, रागावू नका. तारकर्ली मला आवडली. पण तिथे आत्याबाईंचा रोज डबा येईल. डब्याबरोबर आत्याबाई येतील. मग आत्याबाईंच्या सुना येतील.” मी हसले, पण मनात चर्र झाले. गिरगावची चौपाटी, माझ्या हाताला लोंबकळणारा पुतण्या, सगळे समोर उभे राहिले. पन्नासाहून अधिक वर्षांनी मी माझ्या जाऊबाईंच्याच जागी येऊन बसले होते, प्रेमाने सोबतीला मुले द्यायला!

मग मी पाचवा प्रश्न विचारला, जो खरे म्हणजे पहिला असायला हवा होता. “बाय, तुका खंय जावचा आसा?” ती थोडी थांबली. म्हणाली, “आजी, आमच्याकडे पाणी टँकरने येते. मला समुद्रात घोट्याइतके पाणी येईल असे नुसते चालायचे आहे. लांबवर. कोणी फोटो काढू नये, कोणी हाक मारू नये. एवढेच.” नातू तिच्याकडे बघत राहिला. बरे झाले, आमच्यासारखी अकरा वर्षे गेली नाहीत.

पुढचे त्या दोघांनीच ठरवले. दक्षिण गोव्यात काणकोणजवळचे पाळोळे. अर्धवर्तुळासारखा किनारा, दोन्ही टोकांना डोंगराचे आडोसे, त्यामुळे पाणी बरेचसे शांत आणि काठाला उथळ. आपल्या कुडाळ स्थानकावर कोकण रेल्वेच्या गाडीत बसायचे आणि काणकोणला उतरायचे, होडी नको आणि विमान नको. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची नियमित व्यवस्था आहे, हेही नातवाने स्वतः शोधून काढले. आपल्याकडे काही ठिकाणी ती आहे, पण सर्व किनाऱ्यांवर नाही. मंडळाने या बाबतीत ग्रामपंचायतींना एक निवेदन द्यावे अशी माझी सूचना आहे. आपले किनारे सुंदर आहेत म्हणून आपण पाहुण्यांना बोलावतो. त्यांना सुखरूप परत धाडण्याची जबाबदारीही आपलीच.

नणंदेला मी फोन करून सांगितले. ती रुसली. मी म्हटले, “वर्षसणाला तुझ्याकडेच पाठवीन, तेव्हा हवे तितके डबे दे.”

भगिनींनो, मला एवढेच म्हणायचे आहे. मधुचंद्राचे ठिकाण निवडणे ही थोडीशी गंमत आहे, पण त्यापेक्षा थोडी अधिक आहे. दोन परकी माणसे मिळून संसारातला पहिला निर्णय घेतात तो बहुधा हाच. घर कुठे घ्यावे, मुलांना कुठल्या शाळेत घालावे, म्हाताऱ्यांना कसे सांभाळावे, हे मोठे निर्णय पुढे यायचे असतात. एकमेकांना विचारायची सवय या पहिल्या निर्णयात लागली तर ती पुढेही राहते. इथे मुलगा ठरवून आला आणि मुलगी कप गोळा करीत राहिली, तर तीही सवयच लागते. तेव्हा ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्या आयांनी, आज्यांनी, आत्यांनी, ठिकाण सुचवण्याआधी आपापल्या लेकाला, नातवाला एकच गोष्ट सांगावी: तिला विचार. आणि लेकीला, नातीला सांगावे: विचारले म्हणजे उत्तर दे. ‘तुम्ही म्हणाल तिथे’ असे म्हणू नकोस. त्या उत्तराने माझी अकरा वर्षे गेली.